तीर कोणतं?

माझी शाळा चौथीत सुटली. मराठी वाचतो, सही करतो, आणि संस्कृतातले चार शब्द मला येतात: गोदावर्या, उत्तरे, दक्षिणे, तीरे. पाचवा शब्द फार उशिरा मिळाला. तो कसा मिळाला तेच सांगायला बसलोय. पण आधी शिकवणारा सांगतो, कारण तसला माणूस नाशकात परत झाला नाही आणि व्हायचाही नाही.

त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर वरून म्हणतील, पत्ताही पुरा लिही.

जन्मभर त्यांनी टपालखात्यात पत्रं निवडायचं काम केलं. हे इकडच्या पिशवीत, ते तिकडच्या. रिटायर झाल्यावर वडिलांची भिक्षुकी उचलली. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, मुंज. पंचांग, ताम्हन, दर्भ सगळं खात्यातल्या जुन्या खाकी पिशवीत, कानावर पेन्सिल, बुडाखाली सायकल. राहायला जुन्या नाशकात, म्हणजे नदीच्या दक्षिणेला. आमचा मळा पलीकडं, उत्तरेला, मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, गलांडा. माझी बायको हौसा रोज सकाळी गंगेवर टोपली घेऊन बसायची. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. दुर्वा, बेल, तुळशी, हार. गुरुजी तिचं गिऱ्हाईक, तिथूनच ओळख.

पूजेला बसलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच. "तीर कोणतं?"

नवीन यजमान गांगरायचा. गोत्र विचारतील, नक्षत्र विचारतील म्हणून घोकून बसलेला असायचा आणि हे तीर विचारायचे. मग त्याला समजावून सांगायचे. पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन संकल्प सोडतात. भटजी भराभर म्हणतो, आपलं लक्ष प्रसादाकडं. पण त्यात आपला पत्ता असतो. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग गल्ली, मग गाव. संकल्पात सगळं उलट. आधी ब्रह्मदेवाचं आयुष्य, मग युग, मग द्वीप, मग देश, दंडकारण्य, मग नदी, नदीचं तीर आणि सगळ्यात शेवटी तू, टाचणीच्या टोकाएवढा. "आता सांग," म्हणायचे, "सगळं ब्रह्मांड बरोबर सांगितलं आणि तीर चुकलं, तर देव कुणाच्या दारात जाईल?"

ते म्हणायचे की पुण्याकडच्या भटजींचं बरं आहे. गोदावरीच्या खाली सगळंच दक्षिण तीर, बिचाऱ्यांना चुकायला जागाच नाही. नाशकात मात्र नदी गावाच्या पोटातून जाते. भटजी सकाळी उत्तरेला पंचवटीत पूजा सांगतो, दुपारी दक्षिणेला गंगापूर रोडला, आणि जिभेला सकाळचंच वळण राहतं.

संकल्प सांगताना एकेक तुकडा पुरा झाला की ते स्वतःच्या मांडीवर मूठ मारायचे. ठप्. टपालावर शिक्का मारतात तशी. युगाला एक ठप्, देशाला एक ठप्, तीराला सगळ्यात मोठी. पोरं तोंडावर हात धरून हसायची. शेवटी म्हणायचे, "शिक्का पडला. आता पोचवायचं काम त्याचं."

माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गोत्र विचारलं. म्हटलं, आम्हा माळ्यांना कुठलं ठाऊक असायला. इतर भटजी एवढ्यावर नाक मुरडायचे, आमच्याकडची पूजा अर्ध्या वेळात उरकायचे, आणि हौसा मागून म्हणायची की आपल्या देवाला वाटतं कमी ऐकू येत असंल. हे म्हणाले, "नसेल ठाऊक तर कश्यप. कश्यप म्हणजे हेडपोस्ट, तिथं टाकलेलं सगळं पोचतं. पण तीर तुझं तुलाच ठाऊक पाहिजे." मग बंगल्यात लावतात तेवढाच वेळ आमच्या पत्र्याच्या घरात लावला. एक अक्षर खाल्लं नाही. हौसा माझ्या उजवीकडं बसली होती. बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे दोघांचं मिळून होतं. ती लाजून लांबच. गुरुजी म्हणाले, "हौसाबाई, लावा हात. नाहीतर याचं एकट्याचंच पत्र जाईल."

तिनं कोपराजवळ बोटं टेकवली. कायम गार असायची तिची बोटं. दिवसभर फुलं पाण्यात बुडवायची ना.

आता पुलाची गोष्ट. गुरुजी पुलावर बोलायचे नाहीत. सायकलवरून उतरायचे, तोंड मिटायचे आणि पूल संपेपर्यंत चालत जायचे. कारण काय, तर पुलाला तीर नाही. माणूस बोलला तर कुठून बोलला म्हणायचं?

एकानं नवी रिक्षा घेतली आणि मोठ्या थाटात पुलाच्या मधोमध उभी केली, खाली गंगा, वर पूजा, असं त्याच्या डोक्यात. गुरुजींना बोलावलं, मी हार घेऊन हजर. गुरुजी आले आणि नुसत्या खुणा करायला लागले. हा हात हलवा, तो हात हलवा. रिक्षावाल्याला वाटलं म्हाताऱ्याची वाचा गेली. तो घाबरून पाणी पाजायला लागला. मी ओरडून सांगितलं की अरे, रिक्षा ढकल, काठाला ने, मग बोलतील. पेट्रोल तिथवर येतानाच संपलं होतं. रस्त्यावरचे दोघं हाताशी घेऊन आम्ही चौघांनी ती नवी कोरी रिक्षा हारासकट ढकलत पंचवटीच्या अंगाला आणली. मागं गाड्यांचे हॉर्न, लोक हसतायत. काठ लागला आणि गुरुजी म्हणाले, "तीर कोणतं?"

रिक्षावाला घामाघूम. म्हणाला, "दोन्ही म्हणून टाका ना गुरुजी. रिक्षा हाय, दोन्हीकडं फिरणार."

"रिक्षा फिरेल. तू या घडीला कुठं उभा आहेस? माणूस एका वेळी एकाच तीरावर असतो." ठप्.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पण ठेवलं होतं, आणि त्यानंच मला सहा वर्षं जाळलं.

गंगापूर रोडच्या एका साहेबांकडं सत्यनारायण होता. नवा फ्लॅट. मी केळीचे खांब घेऊन गेलो, हौसा फुलं घेऊन. बोलता बोलता कळलं की वास्तुशांत चार महिन्यांमागं झाली. गुरुजींनी सहज विचारलं, संकल्प आठवतो का? साहेबांनी त्याची कॅसेट करून ठेवली होती. लावली. आतला भटजी स्वच्छ म्हणतोय, उत्तरे तीरे. गुरुजींनी पाठीमागं भिंतीलाच टेकून घेतलं.

"साहेब, तुमची वास्तुशांत झाली. पण नदीपलीकडं, कुणाच्या तरी घराची."

साहेब पांढरे. त्यांची म्हातारी आई आतून म्हणाली, "तरीच चार महिने नळाला पाणी नाही." साहेब म्हणायला लागले, पुन्हा सगळं करू, होम करू, लोकांना बोलवू. गुरुजी म्हणाले, छे, पाकीट फाडायचं कशाला, पत्ता खोडून दुसरा लिहू. साहेबांच्या हातावर पाणी घातलं, दोन ओळी म्हटल्या, दक्षिणे तीरे, ठप्. संपलं. साहेबांना पटेना एवढ्यात झालं म्हणून, पण नळाला त्या दिवशी पाणी आलं. ते नगरपालिकेनं सोडलं होतं, मला माहीत आहे. म्हातारीला नका सांगू.

परत येताना गुरुजी आमच्याबरोबर पंचवटीकडं निघाले. पुलावर आलो, त्यांचं तोंड बंद. आणि हौसानं नेमकं तिथंच काढलं.

"गुरुजी, म्हंजे ती साहेबाची वास्तुशांत आमच्या बाजूला आली ना? मग आमच्याच घराची झाली असंल. फुकटात."

गुरुजींचे ओठ थरथरायला लागले. गाल फुगले. सायकलचं हँडल घट्ट धरून चालतायत, डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. काठावर पाय टेकला आणि सायकल सोडून खाली बसले, एवढे हसले. हौसा साळसूद चेहरा करून उभी. तिला माहीत होतं पूल कुठं संपतो ते.

आणखी एक सांगतो म्हणजे हा माणूस नुसता विनोदी नव्हता हे कळेल. एकाला कुटुंबाच्या कल्याणासाठी अभिषेक करायचा होता. गुरुजींना आधीच ठाऊक होतं की त्यानं आईला बहिणीकडं नेऊन टाकलंय. संकल्पाचं पाणी हातावर घातलं आणि थांबले. "कुटुंबात आई धरली का?" तो खाली बघायला लागला. गुरुजींनी त्याच्या हातातलं पाणी परत भांड्यात ओतून घेतलं. "पत्ता खोटा चालत नाही, तसा मजकूरही चालत नाही. कुटुंब पुरं कर, मग निरोप धाड." तो तणतणला, दुसरा भटजी आणीन म्हणाला. महिन्यानं म्हातारीला पाटावर बसवून यांनाच बोलावलं. फुलं माझीच होती, म्हणून मला माहीत.

आता माझं.

हौसाला कावीळ झाली. पंधरा दिवसांत गेली. पोरगी रंजना तेव्हा दहावीला. दहाव्याला रामकुंडावर गेलो. गुरुजी शुभकार्याचे, क्रिया करणारे वेगळे असतात. त्या दिवशी जो होता त्याच्याकडं एकदम दोन घरची माणसं होती, इकडं दोन शब्द, तिकडं दोन शब्द. माझी भादरलेली मुंडी, हातात तीळ आणि पाणी. तो म्हणत गेला, दंडकारण्ये, गोदावर्या, आणि म्हणाला, दक्षिणे तीरे.

आम्ही रामकुंडावर. पंचवटीत. उत्तरेला.

दुसऱ्या कुणाला काय कळणार? तिथं शंभर माणसं असतील, ते फक्त मला कळलं, कारण मला चारच शब्द येत होते. तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. माझा थोरला भाऊ शेजारी, सगळी भावकी मागं, आणि आपण चौथी नापास. पाणी बोटांवरून गेलं. हौसाचं पाणी चुकीच्या काठावर गेलं आणि मी बघत राहिलो.

घरी येऊन जेवण गेलं नाही. वाटायचं, ती घसा कोरडा घेऊन पलीकडं कुठंतरी उभी आहे. हसू नका. ज्याचं माणूस गेलं नाही त्यानं हसावं.

गुरुजींना विचारता आलं असतं. पण ते काय म्हणतील ते मला ठाऊक होतं ना. तीर चुकलं तर देव कुणाच्या दारात जाईल. त्यांच्या तोंडून ते ऐकायची माझी छाती नव्हती. म्हणून मी त्यांना टाळायला लागलो. हौसाच्या जागी आता मी टोपली घेऊन बसायचो. सायकलची घंटी आली की टोपलीमागं वाकायचो, काहीतरी शोधल्यासारखं करायचो, आणि शेजारची हारवाली त्यांना दुर्वा द्यायची. ते थोडा वेळ उभे राहायचे. मग जायचे. सहा वर्षं असंच चाललं. घरात एक पूजा घातली नाही.

रंजनाचं लग्न ठरलं, मुलगा चांदवडचा, चांगला. कन्यादानाचं निघालं तसं थोरल्या भावानं सांगून टाकलं की मी आणि वहिनी बसू. कन्यादान जोडप्यानं करायचं, विधुरानं नाही. वहिनीनं शालूही आणला होता. मी मान हलवली. भांडायची सवय गेली होती. पण पोरीनं स्वयंपाकघरातून येऊन सरळ विचारलं, "आबा, आई नाय म्हणून तुम्ही पण नाय का?"

त्याच पावली मी जुन्या नाशकात गेलो.

गुरुजी खाटेवर होते, गुडघे गेले होते. मला बघून म्हणाले, "सहा वर्षं टोपलीमागं वाकतोस. पाठ दुखत नाही?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कन्यादानाचं आधी, कारण ते सोपं होतं. मग रामकुंडाचं. दोन्ही घरं, तीळ, पाणी, दक्षिणे तीरे. सांगून झाल्यावर त्यांच्या मांडीकडं बघत राहिलो, की आता मूठ पडेल. पडली नाही. फार वेळ ते बोललेच नाहीत, पुलावर असल्यासारखे.

मग म्हणाले, "एक सुपारी आण. किडकी नको. पाण्यात टाकून बघ, बुडाली तर घे."

लग्न आमच्या मळ्यातच, दारापुढं मांडव. गुरुजींना रिक्षानं आणलं, त्याच रिक्षावाल्यानं. ते पाटाशी बसले आणि म्हणाले, बाप बसेल. भाऊ पुढं झाला. "गुरुजी, विधुर हाय तो. शास्त्रात बसत नाय."

"बसतं. तू फक्त सरकून घे."

बायको जवळ नसेल तर कमरेला सुपारी खोचून बसतात. गुरुजींनी ती माझ्याकडून मागून घेतली, कुंकू लावलं आणि धोतराच्या निऱ्यांशी उजव्या अंगाला खोचायला लावली. मग हातावर पाणी घातलं. मुलाकडचे भटजी शेजारी, वाकून ऐकतायत. ब्रह्मदेवाचं आयुष्य, ठप्. द्वीप, ठप्. दंडकारण्य, ठप्. गोदावर्या म्हणाले आणि थांबले. मूठ वर. आमचा मळा उत्तरेला, हे त्यांना झोपेतही ठाऊक. मी तो शब्द मनात म्हणून पण टाकला होता.

"उभयोः तीरयोः," म्हणाले. आणि मूठ अशी मारली की ताम्हनातली पळी वाजली.

मुलाकडच्या भटजींनी मान वर केली. मला शब्द कळला नाही, पण माझ्या चारांतला तो नव्हता एवढं कळलं. मी हळूच म्हटलं, "गुरुजी, चुकलं."

"पाणी सोड."

सोडलं. कोपराला कुणाची गार बोटं लागली वगैरे मी सांगणार नाही, लागली नाहीत. पण हात हलला नाही. पोरीचा हात मी माझ्या हातानं दिला.

पंगती उठल्यावर त्यांना पान दिलं आणि शेजारी बसलो. उभय म्हणजे काय ते विचारलं. म्हणाले, दोन्ही.

"तुम्हीच म्हणायचा ना, माणूस एका वेळी एकाच तीरावर असतो."

"माणूस," ते म्हणाले. "जोडप्याचं मी कधी म्हटलं?"

मी आणखी एक पान दुमडलं. मग धीर करून विचारलं, "आणि ते रामकुंडावरचं पाणी?"

"मी काय केलं गंगापूर रोडला? पाकीट फाडलं?" एवढंच म्हणाले आणि वहिनीला हाक मारून जिलबी परत मागितली. वहिनीनं वाढली. शालू तिनं नेसला होताच, छान दिसत होता, वाया गेला नाही.

त्या दिवसापासून त्यांची रिक्षा गंगेवर आली की मी उभा राहायचो. फार दिवस नाही मिळाले. दोन वर्षांनी गुरुजी गेले.

दहाव्याला मी रामकुंडावर गेलो. सगळ्यात चांगली शेवंती नेली. त्यांचा मुलगा बसलेला, मुंडण केलेला, हातात तीळ. क्रिया करणारा नवा माणूस होता, घाईत, मागं दुसरं घर खोळंबलेलं. मी कान देऊन उभा. दंडकारण्ये म्हणाला. गोदावर्या म्हणाला. आणि म्हणाला, दक्षिणे तीरे.

"थांबा," मी म्हटलं.

सगळे वळले. तो म्हणाला, "काय झालं? तुम्ही कोण यांचे?"

"फुलवाला."

"मग फुलं सांभाळा ना, बाबा."

"फुलं मी सांभाळतो. तुम्ही तीर सांभाळा. हे रामकुंड हाय, पंचवटी हाय. उत्तरे तीरे."

तो लालबुंद झाला. पण गुरुजींच्या मुलानं बोटांतलं पाणी तसंच धरून ठेवलं होतं, एक थेंब सांडू दिला नव्हता. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू, बापासारखंच, ओठ थरथरणारं. क्रियेच्या माणसाला म्हणाला, "पहिल्यापासून म्हणा, गुरुजी."

त्यानं परत पाणी घातलं. परत ब्रह्मदेवापासून सुरू केलं, युग, द्वीप, देश, एकेक अक्षर चावून. गोदावर्या, म्हणाला, आणि माझ्याकडं बघून, उत्तरे तीरे.

मी मांडीवर मूठ मारली. ठप्.